टाइप्स्ट : छापील नमुन्यांवर बोधचिन्ह आणि मजकूर मापाने बसवणारी वर्णनभाषा

पतसंस्थेचा सभासदत्वाचा अर्ज, शाळेचा प्रवेश अर्ज, गृहनिर्माण संस्थेची देखभाल शुल्काची पावती, वाचनालयाच्या वर्गणीची पावती अशा नमुन्यांची मांडणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डीटीपीवाल्याशेजारी बसून, माउसने बोधचिन्ह इकडेतिकडे सरकवत केली जाते. पहिल्या छपाईपुरते ते चांगले निभावते. अडचण येते ती दोन-तीन वर्षांनी, जेव्हा संस्थेचा पत्ता बदलतो किंवा नोंदणी क्रमांकाची एक ओळ वाढवायची असते आणि मूळ फाइल सापडत नाही. सापडली तर तिच्यातला जुना फॉन्ट नव्या संगणकावर नसतो. आणि फॉन्टही मिळाला तर प्रत्येक नमुन्यात बोधचिन्ह एक-दोन मिलिमीटरने वेगळ्याच जागी बसवलेले आढळते. अशा नमुन्यांसाठी मी टाइप्स्ट ही वर्णनभाषा, म्हणजे पानावर काय कुठे छापायचे ते आज्ञांनी लिहून त्याची पीडीएफ तयार करून देणारी संगणकभाषा, वापरतो आहे. ज्या संस्थेचे नमुने वर्षानुवर्षे तेच राहतात आणि त्यांतला तपशील तेवढा बदलतो, त्या संस्थेने ती जरूर वापरावी, असे माझे मत झाले आहे. या मताला काही अटी आहेत आणि त्या पुढे ओघात येतील.

पानावर काय कुठे असावे हे चित्र न काढता शब्दांत आणि मापांत सांगायचे, ही कल्पना नवी नाही. झेरॉक्स कंपनीचा ९७०० हा लेझर प्रिंटर १९७७ साली बाजारात आला आणि तो मिनिटाला १२० पाने या वेगाने कोऱ्या कागदावर नमुना आणि त्यातील माहिती एकाच वेळी छापत असे. त्यासाठी चौकटी, रेघा, बोधचिन्हे आणि मजकूर यांचे वर्णन आधी आज्ञांच्या स्वरूपात लिहून ठेवावे लागे. १९८४ साली ॲडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन प्रिंटरला सांगणारी भाषा आली. तिच्या दुसऱ्या पातळीत तर नमुना एकदाच रेखाटून प्रिंटरच्या स्मृतीत ठेवावा आणि प्रत्येक पानावर पुन्हा वापरावा, यासाठी एक्झेकफॉर्म नावाची खास आज्ञाच होती. पण पोस्टस्क्रिप्टमध्ये सगळी मापे पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून, इंचाच्या बहात्तराव्या भागात मोजली जातात, आणि देवनागरीची जोडाक्षरे व वेलांट्या जुळवण्याची जबाबदारी ती भाषा स्वतःकडे घेत नाही. मराठी नमुना तिच्यात हाताने लिहिणे त्यामुळे व्यवहारात शक्य नव्हते.

टाइप्स्टने हे दोन्ही प्रश्न सोडवले आहेत. लॉरेन्झ मेडये आणि मार्टिन हाऊग यांनी २०१९ मध्ये बर्लिनला या प्रकल्पाला सुरुवात केली आणि मार्च २०२३ मध्ये त्याचा गाभा मुक्तस्रोत म्हणून खुला केला. अपाची परवान्याखाली तो विनामूल्य मिळतो. रस्ट या संगणकभाषेत लिहिलेली एकच प्रोग्राम फाइल उतरवून घेतली की काम सुरू करता येते. मोठी स्थापना करावी लागत नाही आणि जुन्या, बेताच्या संगणकावरही ती सुरळीत चालते. तिच्यासोबत येणाऱ्या फॉन्टमध्ये देवनागरी मात्र नाही. आपला युनिकोड फॉन्ट संगणकावर बसवून किंवा एखाद्या फोल्डरमध्ये ठेवून त्या फोल्डरचा पत्ता आज्ञेत द्यावा लागतो. मी तर नमुन्याची फाइल, बोधचिन्ह आणि फॉन्ट हे तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवण्याचा आग्रह धरीन, कारण पाच वर्षांनी दुसऱ्या कोणी तो फोल्डर उघडला तरी नमुना तसाच्या तसा उमटला पाहिजे.

आता मुख्य कामाकडे वळू. बोधचिन्ह बसवण्याची आज्ञा प्लेस ही आहे. तिला पानाचा कोपरा सांगायचा, त्या कोपऱ्यापासून आडवे आणि उभे अंतर डीएक्स व डीवाय या नावांनी मिलिमीटरमध्ये द्यायचे आणि शेवटी चित्राच्या फाइलचे नाव व त्याची उंची लिहायची. डावीकडून १८ मिलिमीटर, वरून १२ मिलिमीटर, उंची २० मिलिमीटर, एवढे लिहिले की काम झाले. छापलेल्या कागदावर पट्टी ठेवली तर तीच मापे मिळतात, आणि माझ्या दृष्टीने या भाषेचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे. अध्यक्षांनी किंवा मुख्याध्यापकांनी प्रूफ पाहून बोधचिन्ह जरा खाली घ्या असे सांगितले तर किती खाली, हा प्रश्न लगेच आकड्यात विचारता येतो आणि आकड्यातच नोंदवता येतो.

येथे एक बारकावा नीट समजून घेतला पाहिजे, कारण नवशिक्याचा पहिला गोंधळ येथेच होतो. प्लेस ही आज्ञा आपले अंतर ज्या चौकटीत ती लिहिली आहे त्या चौकटीपासून मोजते. पानाच्या मुख्य मजकुरात ती लिहिली तर मोजणी समासाच्या आतून सुरू होते, आणि तीच आज्ञा पानाच्या पार्श्वभूमीत लिहिली तर कागदाच्या खऱ्या कडेपासून. डावा समास १५ मिलिमीटरचा असेल तर तीच १८ मिलिमीटरची आज्ञा एकदा कडेपासून १८ मिलिमीटरवर बोधचिन्ह ठेवील आणि एकदा ३३ मिलिमीटरवर. शीर्षभाग, बोधचिन्ह, फिकट जलचिन्ह, पानाभोवतीची चौकट अशा प्रत्येक पानावर यायच्या गोष्टी पार्श्वभूमीत ठेवाव्यात आणि भरायचा मजकूर मुख्य भागात ठेवावा, ही विभागणी मला सर्वांत सोयीची वाटली. शिवाय प्लेसने ठेवलेली वस्तू मजकुराच्या प्रवाहात जागा अडवत नाही. बोधचिन्हाखाली मजकूर शिरू नये यासाठी वरचा समास आपणच पुरेसा मोठा ठेवायचा असतो.

बोधचिन्हाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी. चित्राला रुंदी आणि उंची अशी दोन्ही मापे दिली आणि त्यांचे प्रमाण मूळ चित्राशी जुळले नाही, तर टाइप्स्ट चित्र ताणत नाही, पण दिलेली जागा पूर्ण भरण्यासाठी त्याची कड कापते. मूळची रचनाच तशी आहे. फोटोसाठी हे योग्य असेल, पण संस्थेच्या गोल मुद्रेची कड दोन्ही बाजूंनी चिरलेली दिसावी हे कोणालाच चालणार नाही. फिट या पर्यायाला कंटेन हे मूल्य दिले, किंवा त्याहून सोपे म्हणजे फक्त उंचीच दिली, की मुद्रा संपूर्ण उमटते. बोधचिन्ह शक्यतो एसव्हीजी, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या वर्णनाने चित्र साठवणाऱ्या, स्वरूपात घ्यावे; त्यामुळे लहान-मोठे केले तरी रेषा स्वच्छ राहतात. त्या एसव्हीजीमध्ये संस्थेचे ब्रीदवाक्य अक्षरांच्या रूपात असेल तर ते आधी आकृतीत रूपांतरित करून घ्यावे, नाहीतर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ब्रीदवाक्य भलत्याच वळणात छापले जाते. ०.१४ या आवृत्तीपासून पीडीएफ फाइलही चित्रासारखी थेट ठेवता येते. ज्यांच्याकडे बोधचिन्ह छापखान्याकडून पीडीएफमध्येच आलेले असते, त्यांची यामुळे मोठी सोय झाली आहे.

मजकूर बसवण्याचा भाग बोधचिन्हापेक्षा अवघड आहे, आणि मराठीत तर अधिकच. टाइप्स्ट ओळीची वरची कड रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांच्या उंचीवरून ठरवते आणि खालची कड अक्षरांच्या पायरेषेवरून. देवनागरीत मात्र शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, तर पायरेषेखाली उकार, ऋकार आणि काही जोडाक्षरांचे पाय उतरतात. परिणाम असा होतो की छोट्या चौकटीत ‘कीर्ती’ लिहिले तर रफार वरच्या रेघेला टेकतो आणि ठिपक्यांच्या रेघेवर ‘पुरुषोत्तम’ लिहिले तर ‘पु’चा उकार रेघेत मिसळतो. फॉन्ट बदलला की रोमन अक्षरांची उंचीही बदलते आणि तोच मजकूर थोडा वर-खाली सरकतो, हे आणखी त्रासदायक आहे.

यावर उपाय आहे आणि तो भाषेतच आहे. चौकटीतल्या मजकुरासाठी ओळीची वरची कड असेंडर (फॉन्टने ठरवलेली वरची मर्यादा) आणि खालची कड डिसेंडर (खालची मर्यादा) अशी ठरवून दिली की मात्रा आणि उकार यांना पुरती जागा मिळते. रेघेवरच्या मजकुरासाठी मी दोन्ही कडा बेसलाइन, म्हणजे पायरेषा, अशाच ठरवतो. असे केल्यावर दिलेले उभे अंतर थेट पायरेषेचे होते आणि फॉन्टचा संबंधच राहत नाही. नावाची रेघ वरून ८४ मिलिमीटरवर असेल तर मजकुराची पायरेषा ८२.५ मिलिमीटरवर ठेवावी. बारा पॉइंटच्या अक्षरात उकारासाठी साधारण तेवढीच जागा लागते. रोमन लिपीसाठी तयार केलेले परदेशी नमुने जसेच्या तसे उचलून त्यांत मराठी मजकूर घातला की तो ओंगळ दिसतो, त्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. ही तीन-चार आज्ञांची दुरुस्ती मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नमुन्याच्या अगदी वरच्या भागात कायमची लिहून ठेवावी.

अक्षरजुळणी निर्दोष आहे. ‘कऱ्हाड’, ‘कुऱ्हाडे’, ‘दऱ्या’ यांतला अर्धा र बरोबर उमटतो आणि ‘ज्ञानेश्वर’, ‘द्वितीय’, ‘उद्घाटन’ यांसारखी जोडाक्षरे फॉन्टमध्ये असतील तशी येतात. मजकुराची भाषा मराठी आहे हे एमआर या संकेताने सांगितले, तर ज्या फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळे आकार दिलेले आहेत त्यांत पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप निवडले जातात. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये तर मराठी वळणच मूळचे आहे. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नमुन्यावर हिंदी वळणाचा ल पाहण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ही एक ओळ लिहिण्याचे महत्त्व कोणाला पटवून द्यावे लागते. मला मात्र ते फार वाटते.

नाव, पिनकोड, आधार क्रमांक यांसाठी एकेका अक्षराचे चौकोन करण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. ग्रिड या आज्ञेला सात मिलिमीटरच्या सहा स्तंभांची आणि त्यांच्या रेघांची मागणी केली की पिनकोडची पेटी तयार होते, बारांची केली की आधार क्रमांकाची. माहिती आधीच उपलब्ध असेल आणि ती या चौकोनांत छापायची असेल, तर शब्द तोडण्याचा प्रश्न येतो. टाइप्स्टमध्ये शब्द तोडण्याचे दोन प्रकार आहेत. कोडपॉइंटने, म्हणजे युनिकोडच्या एकेका सुट्या चिन्हाने, तोडल्यास ‘शिवाजी’ या शब्दातली वेलांटी सुटी पडून वेगळ्या चौकोनात जाते, आणि क्लस्टरने, म्हणजे एकत्र दिसणाऱ्या अक्षरगटाने, तोडल्यास ‘शि’, ‘वा’, ‘जी’ असे तीन चौकोन योग्य रीतीने भरतात. मराठी नावांसाठी दुसराच प्रकार वापरायचा. ‘लक्ष्मी’, ‘कृष्णा’ अशी जोडाक्षरांची नावे मात्र आपल्याकडे असलेल्या आवृत्तीत एकदा छापून पाहावीत, कारण जोडाक्षर एकसंध धरण्याबाबत युनिकोडच्या नियमात अलीकडे बदल झालेला आहे.

ज्या संस्थांकडे आधीच छापलेले नमुने गठ्ठ्यांनी पडून आहेत आणि त्यांवर फक्त मजकूर उमटवायचा आहे, त्यांना ही भाषा विशेष उपयोगी पडेल. कोऱ्या छापील नमुन्याचे स्कॅन पानाच्या पार्श्वभूमीत पूर्ण आकाराने ठेवावे, त्यावर नाव, दिनांक, रक्कम यांच्या जागा पडद्यावर पाहत जुळवून घ्याव्यात आणि प्रत्यक्ष छपाईच्या वेळी ती पार्श्वभूमी एका शब्दाने बंद करावी. वॉच ही आज्ञा चालू ठेवली की फाइल जतन करताच पीडीएफ नव्याने तयार होते आणि पानभर नमुन्याला त्यासाठी डोळ्यांना जाणवेल इतकाही वेळ लागत नाही, म्हणून हे जुळवण्याचे काम कंटाळवाणे होत नाही. प्रिंटर कागद नेहमी थोडा तिरका किंवा एखादा मिलिमीटर पुढे-मागे ओढतो. म्हणून प्लेसभोवती आपली एक छोटी आज्ञा रचावी आणि तिच्यात प्रत्येक अंतरात मिळवायची आडवी व उभी दुरुस्ती एकाच ठिकाणी ठेवावी. प्रिंटर बदलला की ते दोनच आकडे बदलायचे. अशा आज्ञांची आणि मापांची नावे देवनागरीत ठेवता येतात ही मला मिळालेली सुखद गोष्ट आहे. ‘ठेव’, ‘डावीकडून’, ‘दुरुस्ती’ अशी नावे असलेली फाइल कार्यालयातील कारकुनालाही वाचता येते. आकडे मात्र इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात. पीडीएफ छापताना पानाला बसवा असा जो पर्याय असतो तो बंद करून मूळ आकारात छापणे अत्यावश्यक आहे, नाहीतर सगळी मापे किंचित आक्रसतात आणि दोष विनाकारण भाषेवर येतो.

पावत्यांसाठी तर मांडणी एकदाच लिहावी आणि ए-४ कागदावर ती दोनदा ठेवावी, एक वरून शून्यावर आणि दुसरी १४८.५ मिलिमीटरवर, वर मूळ प्रत, खाली स्थळप्रत, फरक फक्त त्या एका शब्दाचा. सभासदांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलमध्ये, असेल तर ती थेट वाचून प्रत्येक सभासदासाठी एक पान तयार करता येते. एकेकच पावती काढायची असेल तर नाव आणि रक्कम आज्ञेच्या ओळीतूनही पाठवता येतात, त्यामुळे ही भाषा दुसऱ्या कोणत्याही हिशेबाच्या प्रणालीच्या मागे जोडणे सोपे आहे. यादीतले आकडे देवनागरी अंकांत छापण्याची सोय क्रमांक देण्याच्या आज्ञेत आहे, पण ती पूर्णांकांपुरती. पैशांसह रक्कम असेल तर अंकबदलाची दहा जोड्यांची छोटी आज्ञा आपण लिहावी. लाख-कोटीच्या पद्धतीने स्वल्पविराम देणे आणि अक्षरी रक्कम लिहिणे यांसाठीही तयार सोय मिळत नाही. एक ते शंभर या संख्यांची मराठी नावे कोणत्याही नियमाने जुळवता येत नसल्याने ती शंभर शब्दांची यादीच फाइलमध्ये द्यावी लागते. एकदा दिली की ती सगळ्या नमुन्यांना पुरते.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव अशी की संगणकावरच भरता येईल अशी पीडीएफ, म्हणजे ज्यात टंकन करायचे रकाने असतात ती, टाइप्स्टमधून तयार होत नाही. अर्जदाराने घरी पीडीएफ उघडून माहिती भरावी अशी अपेक्षा असेल तर हे साधन त्या कामाचे नाही. रकाने नंतर दुसऱ्या साधनाने घालावे लागतील. दुसरी गोष्ट म्हणजे ही भाषा अजून आपल्या १.० या आवृत्तीपर्यंत पोहोचलेली नाही आणि आवृत्ती बदलली की काही आज्ञांचे स्वरूप बदलते. म्हणून ज्या आवृत्तीत नमुना तयार केला तिची प्रोग्राम फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवावी. ती एकच फाइल असल्याने हे सहज जमते. तिसरे असे की आज्ञा, त्रुटींचे संदेश आणि मार्गदर्शन सारे इंग्रजीत आहे. त्रुटीचे संदेश चूक नेमक्या कोणत्या ओळीत आणि कोणत्या अक्षराशी आहे हे दाखवतात, त्यामुळे इंग्रजीची फारशी सवय नसलेल्यालाही वाट सापडते, पण पहिल्या आठवड्यात शेजारी जाणकार माणूस असावा.

लाटेक्स ही ग्रंथजुळणीची जुनी भाषा ज्यांना येते ते विचारतील की तिच्यातल्या टिकझेड या रेखाटनाच्या साधनाने हेच करता येत असताना नवी भाषा कशाला शिकायची. लाटेक्समध्ये पानाच्या कोपऱ्यापासून मोजून वस्तू ठेवण्याची जी रूढ पद्धत आहे तिच्यात जागा पक्क्या होण्यासाठी फाइल दोनदा चालवावी लागते, आणि चूक झाली तर संदेशाचा अर्थ लावण्यातच वेळ जातो. ग्रंथाच्या मांडणीत लाटेक्सचा अनुभव आणि व्याप मोठा आहे हे मान्यच आहे. एकपानी नमुन्यासाठी मात्र मी टाइप्स्टचीच निवड करीन. उलट लग्नपत्रिका, कार्यक्रमाचे भित्तिपत्रक, स्मरणिकेचे मुखपृष्ठ अशा एकदाच करायच्या आणि डोळ्याने जुळवायच्या कामांसाठी माउसने सरकवण्याची जुनी पद्धतच बरी. तेथे मापे लिहीत बसण्यात काही हशील नाही.

छापखान्याकडे फाइल देताना दोन गोष्टी सांगून ठेवतो. टाइप्स्टची पीडीएफ आपले फॉन्ट स्वतःत घेऊन जाते, त्यामुळे छापखान्यात तो मराठी फॉन्ट आहे की नाही याची चिंता करावी लागत नाही. कटिंगच्या खुणा मात्र आपोआप येत नाहीत. पान कापून उरणाऱ्या मापापेक्षा सर्व बाजूंनी थोडे मोठे धरून कोपऱ्यांवर लाइन या आज्ञेने त्या खुणा स्वतः रेखाटाव्यात, आणि प्रूफ हातात आल्यावर बोधचिन्हाचे अंतर छापलेल्या कडेपासून न मोजता त्या खुणांपासून मोजावे.